बारीक रेघा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक आजोबा शेजारच्या आजींशी बोलत होते.

“त्या पाटीवरच्या अक्षरांत बारीक रेघा दिसतात का हो तुम्हाला?”

“दिसतात की! उभ्या जाडजूड, आडव्या अगदी केसासारख्या. पायाशी चौकोनी ठोकळे.”

“अक्षरांचं ते वळण मी घडवलंय. दुकानांवर, पुस्तकांवर, सगळीकडे वापरतात. मला मात्र आता नुसते खांब दिसतात.”

“अगबाई! घरी सांगितलंत?”

“घरी कोण आहे ऐकायला?”

तेवढ्यात नर्स आली.

“आजोबा, थेंब घातल्यावर दोन तास नीट दिसणार नाही. सोबत कोण आलंय?”

“कुणी नाही.”

“मी आहे ना,” आजी म्हणाल्या.

“आणि आजी, तुमच्यासोबत?”

“हे आहेत.”