महिन्याभराची गाठ

गाठ आहे हो साहेब, नाही कोण म्हणतंय? उजव्या काखेत आहे, सुपारीएवढी. पण म्हणून ती प्लेगचीच? — तुमची ही माणसं, ती डोली, जरा ओट्याखाली थांबवा आणि दोन मिनिटं माझं ऐका. दमयंती दार उघडायची नाही. नवरा तिचा लढाईच्या कामावर बसऱ्याला कारकून, घरात ती आणि नऊ वर्षांची सुची. आतून कडी घालून लेकीला पोटाशी धरून बसली असेल — तुम्ही ठोठावलंत की आणखी घट्ट धरेल. मी कोण? मी शेजारीण, भिंतीला भिंत. सुची जन्मली तेव्हा पहिलं न्हाऊ मी घातलंय तिला, मला नाही ठाऊक तर कुणाला?

कसं झालं सांगते. दिवाळीत माझ्याच अंगणात शिरगोळे कुटत होती — रांगोळीसाठी हो, मीच बसवली होती — तर बत्ता बोटावर बसला. नख काळंनिळं, मग पू, मग चांगलं नखुरडं झालं. चार दिवस बोट लिंबात खुपसून हिंडली, आणि ज्याला त्याला दाखवायची, बघा माझ्या बोटाला पागोटं! तेव्हाच काखेत अवधान आलं, ही गाठ सुजली. येतंच की — हाताला पिकलं की काखेत, पायाला पिकलं की जांघेत. नखुरडं फुटलं, ताप गेला, खालून नवं नख आलं, आणि ही गाठ मात्र बसून राहिली. दुखत नाही, लाल नाही, दाबली तर बोटाखाली सरकते. आता चंपाषष्ठीसुद्धा होऊन गेली. तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा — प्लेगची गाठ महिनाभर थांबते? मी पाहिलीय ती. माझ्या थोरल्या बहिणीला आली होती, तिसऱ्या दिवशी — जाऊ द्या. ही पोर काल माझ्या चुलीशी बसून दीड भाकरी खाऊन गेली.

डॉक्टरला? दाखवली की. ते म्हणाले, सूज ओसरली तरी गाठ विरायला दोन-दोन महिने जातात, रक्तचंदन उगाळून लावा. चिठ्ठी? — चिठ्ठी नाही. डॉक्टर म्हणजे वैद्य होते ते. — बरं, वैद्यही नव्हते, साहेब. मीच म्हणाले. दमयंती नगरला न्यायला निघाली होती, टांगा दारात आला होता, मीच परत पाठवला. म्हटलं साधं अवधान ते, मी उतरवते. तेव्हा काय ठाऊक, चिठ्ठीवाचून पोर उचलून नेतील म्हणून! त्या माळावरच्या रोग्यांच्या झोपड्यांत ठेवलीत तर आज नाही ते उद्या लागेल तिला. बापाला काय लिहायचं मग? नखुरड्याने गेली म्हणून?

तुम्हाला गाठीचं सांगितलं कुणी? नळावर कळलं ना? बायडाबाईने सांगितलं असेल, दुसरं कोण. तिला — तिला मीच सांगितलं हो. काळजीने सांगितलं. तुझ्याकडे गाठ कशाने उतरते गं, एवढंच विचारायला गेले आणि बोलत बसले. राहत नाही माझ्या पोटात काही, काय करू.

हो, मेलेला उंदीरही सापडला दमयंतीच्या परसात, माहीत आहे. तेवढ्यावर तर आलात — उंदीर पडला आणि त्याच घरात गाठ. पण तो उंदीर त्यांच्याकडचा नाही. कशावरून म्हणजे... मांजराने आणला असेल कुठून तरी. मांजरं काय थोडी आहेत भिंगारात! — असं बघू नका माझ्याकडे. — पोरीचं नाव यादीतून खोडणार असाल तर सांगते. खोडाल ना?

माझ्या फडताळामागे होता. परवा सकाळी. चिमट्यात धरला, ओढ्यात टाकायला निघाले — नाही, खोटं कशाला बोलू, निघालेच नव्हते. भिंतीवरून पलीकडे सोडला. आमचे हे दम्याचे, बसून रात्र काढतात, या थंडीत घर सोडून माळावर राहायला लावलंत तर चार दिवस निघायचे नाहीत त्यांचे. म्हटलं दमयंती तरणी आहे, पोर धडधाकट आहे, आठ दिवस माळावर राहतील आणि येतील परत, त्यांना काय होतंय. गाठीचं डोक्यातच आलं नाही, साहेब! महिनाभर रोज ह्या बोटांनी चाचपली ती गाठ, रोज लेप घातला, आणि नेमकं त्या क्षणी — देवाशपथ आठवली नाही. नंतर तिला सांगायला दोनदा ओट्यापर्यंत गेले. दोन्ही वेळा साखर मागून परत आले.

हां, खोडा ते. नीट खोडा. सुचित्रा राधाकृष्ण — पुरं नाव खोडा.

आता काय लिहिताय? माझं घर? लिहा, झाडून काढते, चुना मारते, औषध मारा सगळीकडे. — आत कशाला? आत तेच आहेत, निजलेत. दम्याचे म्हटलं ना मी. दमा म्हटलं, ताप म्हटलं का?

पाणी मागतायत. कालपासून सारखं पाणीच मागतायत.

...काख? नाही, साहेब. नाही पाहिली. धीर झाला नाही माझा.