परवान्याच्या अर्जातले दोन नवे रकाने

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, शस्त्र परवाना शाखेतील कर्मचारी मंडळी, साहेबांचे कुटुंबीय आणि उपस्थित बंधुभगिनींनो,

मी ना या कार्यालयातली, ना साहेबांच्या नात्यातली. मी शिवणकाम शिकवते. तरी आपल्या अव्वल कारकून साहेबांच्या निरोपाला मी बोलावं, हा त्यांचाच हट्ट. माझा नाइलाज झाला.

आठ वर्षांपूर्वी माझी सतरा वर्षांची मुलगी सुट्टीत मामाकडे गेली होती. माझ्या तेरा वर्षांच्या भाच्याने कपाटातलं वडिलांचं पिस्तूल तिला दाखवायला काढलं. “रिकामं आहे गं ताई, बघ,” म्हणाला. ते रिकामं नव्हतं. त्यापुढचं मला अजूनही सांगता येत नाही.

महिन्याभराने मी इथे आले. आले कसली, भांडायलाच आले. “माझ्या भावाला परवाना देताना पिस्तूल कुठे ठेवणार, घरात मूल आहे का, हे कुणी विचारलं होतं?” साहेबांनी फाइल काढली, एकेक पान उलटलं आणि म्हणाले, “ताई, अर्जात तसा रकानाच नाही.” मी निघाले, तर मागून म्हणाले, “त्या परवान्याच्या नूतनीकरणावर सही माझी आहे.”

मंडळी, “ते माझं टेबल नाही” हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. हसू नका, काहींनी म्हटलेलंही असेल! पण सही माझी आहे, असं आपण होऊन सांगणारा माणूस तुम्ही किती वेळा पाहिलात?

मग त्यांनी सरकारकडे प्रस्ताव पाठवला. शस्त्र लोखंडी पेटीत, गोळ्या वेगळ्या कुलपात. घरातल्या मुलांची वयं अर्जात लिहायची आणि नूतनीकरणाआधी घरी जाऊन पाहणी करायची. पंचविशीच्या आत कुणालाही परवाना नाही. चार वेळा फाइल परत आली. एका वरिष्ठांनी विचारलं, “मुलांना नीट वळण लावलं, तर कुलूप हवं कशाला?” साहेब म्हणाले, “वळण लावायला मूल हयात असावं लागतं, सर.” त्या वर्षी त्यांची बढती हुकली. दोन्हींचा काही संबंध नव्हता म्हणे.

पुढे जाहीर सुनावणी लागली. साहेब माझ्या घरी आले. “तुमच्या भावाला बोलवू का?” भावाशी मी तीन वर्षं बोलले नव्हते. म्हटलं, “बोलवा. पण मी त्याच्याकडे बघणार नाही.”

शस्त्रधारकांच्या वकिलांनी त्याला विचारलं, “तुम्ही बेफिकीर राहिलात, त्याची शिक्षा इतरांना कशाला?”

भाऊ म्हणाला, “बेफिकीर नव्हतो हो. स्वेटरांच्या खाली लपवून ठेवलं होतं. लपवलं म्हणजे झालं, असं वाटलं.” मग म्हणाला, “माझा मुलगा आता सोळाचा आहे. तो कपाट उघडत नाही. कपडे त्याची आई काढून देते.”

तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं. पार म्हातारा झाला होता माझा धाकटा भाऊ. बाहेर आल्यावर मी त्याचा हात धरला.

प्रस्तावातली कुलूप, मुलांची वयं आणि घरची पाहणी मंजूर झाली. पंचविशीची अट कापली गेली. एकविसाव्या वर्षी परवाना आजही मिळतो. साहेबांना ती हार वाटते. मलाही वाटते. खोटं कशाला बोलू? पण कुलूप आणि मुलांची वयं हे दोन रकाने आता प्रत्येक अर्जात आहेत.

गेल्या आठवड्यात साहेबांची शेवटची पाहणी होती. म्हणाले, “ताई, चला सोबत.” तिसऱ्या मजल्यावरचं घर. घरमालकाने पेटी दाखवली. साहेबांनी कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि सही केली. आतल्या खोलीत दोन मुली कंगव्यावरून कडाकडा भांडत होत्या. आई ओरडत होती, कुणी ऐकत नव्हतं. जिना उतरताना साहेब मधल्याच पायरीवर बसले. चष्मा काढला. मी विचारलं, “बरं वाटत नाही का?”

“तसं नाही ताई,” ते म्हणाले. “केवढ्यानं भांडत होत्या हो!”

मग आम्ही दोघंही तिथेच बसून राहिलो. वरून आवाज येत होता.

साहेब, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, तुमचीही मी ऋणी आहे. निरोपाच्या प्रसंगी जास्त दुःखाचं बोलले असेन, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर एका आईचं बोलणं म्हणून पोटात घाला.

नमस्कार.