साळवेनं मला रस्त्यात बूट काढायला लावला

वहिनी, कॉलनीतले शेजारी, आणि फर्स्ट शिफ्ट संपवून तसेच इकडे आलेले मित्रहो,

मला बोलता येत नाही. आणि गप्पही बसवत नाही. मघाशी तीनदा उठलो, तीनदा बसलो. आता उभा आहे तर ऐकून घ्या.

रमेश साळवे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर. मीही फिटर. एकच बिल्डिंग, तो खाली, मी वर. आमची दोघांची शुगर एकाच तपासणीत निघाली. तो घाबरला. मी हसलो.

तो घाबरला, कारण त्याची आई याच दुखण्यात आंधळी झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं ते त्यानं ऐकलं. सगळं ऐकलं! कॅन्टीनचा वडा सुटला. दिवसाचे आठ गोड चहा गेले, दोन बिनसाखरेचे राहिले. भात वाटीभर. डब्यात भाकरी, मेथी, मोड आलेले मूग. निफाडहून साडू द्राक्षांची पेटी पाठवायचे. हा मोजून दहा मणी खायचा, बाकीची द्राक्षं जिन्यात वाटायचा. शिफ्ट कुठलीही असो, चालणं चुकलं नाही. तेव्हा मोबाईल कुठे होते? खालून ओरडायचा, "जाधव, उतर!"

मी उतरायचो. पण बाकी काहीच पाळायचो नाही. कुणीतरी शुगरवर मुळीची पावडर दिली आणि मी डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. साळवेला सांगितलं नाही.

एकदा चालता चालता तो थांबला.

"तू लंगडतोयस."

"नाही रे."

"बूट काढ."

"इथे? रस्त्यात?"

"काढ म्हणतो ना!"

काढला. मोजा रक्तानं भिजलेला. बुटात खडा होता. शुगरनं पाय बधिर झालेला. मला कळलाच नव्हता. मित्रहो, पायात खडा रुतला होता आणि मला कळलाच नव्हता! साळवे तिथेच मातीत बसला, माझा पाय मांडीवर घेतला. पावडरीचं ऐकलं तेव्हा त्यानं मला शिवी दिली. पहिली आणि शेवटची. मग धावत जाऊन स्कूटर आणली, मला बसवलं आणि थेट दवाखान्यात. दोन बोटं गेली. पाय वाचला. त्यानंतर मी ताळ्यावर आलो. दोन महिने माझा डबा त्याच्या घरून आला.

आणि गेल्या गुरुवारी त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. संपलं.

नियम मोडले मी. गेला तो. हे कसं? कुणाला विचारू? 

काल दारात कुणीतरी म्हणालं, "एवढं पथ्य पाळून काय मिळालं?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. उत्तर वहिनींनी दिलं. म्हणाल्या, "शेवटच्या सकाळी नातीचा फ्रॉक कुठल्या रंगाचा, ते त्यांनी लांबूनच बघून मला सांगितलं. त्यांच्या आईला माझा चेहरासुद्धा कधी दिसला नव्हता."

वहिनी, एक कबूल करायचंय. मघाशी मी आत आलो, तर एवढ्या दुःखात तुम्ही मलाच विचारलंत, "भाऊजी, जेवलात का? गोळी घेतली का?" मी हो म्हणालो. खोटं बोललो. गुरुवारपासून घेतलेली नाही.

आज घेतो. इथून घरी जाऊन, आधी जेवून, घेतो.

मित्रहो, आता दोन मिनिटं साळवेसाठी शांत उभे राहू या.