मामा निघाले

दाढ ठणकत होती, म्हणून कालव्याच्या गेटवरचा चंद्रप्पा तोंडाला उपरणं गुंडाळून बोरीच्या दवाखान्यात रांगेत बसला होता. मागच्या बाकावर चारीच्या पार शेवटाला शेतं असलेल्या नागुबाई आणि कस्तुराबाई तावातावानं बोलत होत्या.

"कालव्याची चौकी माज्या वावराला लागून हाय, कस्तुरा. मुकादम गेटवाल्याला फोनवर वरडतो, 'आत्या निघाल्या!' की लगेच त्या बड्या बागायतदार आबासाहेबाच्या उसात पाणी. दर खेपेला तेच."

"कोन आत्या?"

"कोन न्हाई गं! तपासणीचा साहेब आला, तवा मुकादम म्हणला, 'मामा निघाले.' त्या दिशी आपल्या चारीला पाणी आलं. मी दोन्ही बोलणी ताडून पाहिली. आत्या म्हंजी त्याचा ऊस, मामा म्हंजी आपला गहू."

"आग लागो त्यांच्या नात्यागोत्याला!"

"काल मुकादम जेवायला गेला. आमच्या ह्यांनी चौकीतला फोन उचलला अन् म्हणले, 'मामा निघाले.' गेटवाला म्हणला, 'जी.' सांजंपर्यंत पाणी आलं की!"

"त्यानं आवाज वळखला न्हाई?"

"त्याला माणूस कुठं ऐकू येतंय? हुकूम तेवढा ऐकू येतो."

चंद्रप्पाचा गालावरचा हात तिथंच राहिला.

"कालव्यावरचे चंद्रप्पा!" नर्सनं पुकारलं.

तो उठला. मग नागुबाई त्याच्या वाटेत येऊन उभी राहिली.

"तुमीच का? बरं झालं भेटलात. आता आमी फोन करणार न्हाई. उद्या चारीवरच्या समद्या बाया गेटावर येऊन बसणार हाव."

चंद्रप्पाचा हात कमरेच्या चावीवर गेला.

"अन् गेटाची चावी," ती म्हणाली, "आमच्या हाती द्यायची."