सगळा फोल्डर

स्फाक्स शहरात दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी दोघी मैत्रिणी नंबराची वाट बघत होत्या.

"काय गं दलांदा, कॉम्प्युटर टीव्हीला जोडलास का?"

"जोडला ना, घरच्या वायफायवरून. सासूबाईंना धाकट्या लेकाच्या लग्नाचा व्हिडिओ मोठा बघायचा होता. पण मोंजिया, फजिती झाली."

"दिसला नाही?"

"नको तेही दिसलं! मी सगळा फोल्डरच टीव्हीला खुला केला आणि बाजारात गेले. त्यांनी रिमोट दाबत दाबत मी मार्से शहरातल्या माझ्या ताईला पाठवलेला व्हिडिओ लावला."

"सासूची गाऱ्हाणी सांगितलीस, तो?"

"तोच. 'म्हातारी कुसकुसाच्या रव्यात मूठभर मीठ ओतते, माणसानं गिळावं कसं?' मी दारात आले तेव्हा माझाच आवाज ऐकू येत होता."

"या अल्ला! भडकल्या असतील."

"नाही गं. टीव्ही बंद करून हळूच म्हणाल्या, 'आजारपणापासून जिभेला चवच कळत नाही, पोरी. सांगायची लाज वाटली.'"

"आणि तू?"

"त्यांच्या पायाशी बसून रडले."

"आता बोलतात तुझ्याशी?"

"रोज चुलीजवळून हाक मारतात, 'दलांदा, ये गं, मीठ बघ.'"