टाकीसाठी प्रार्थना

नाही, प्रार्थना करा ना, पाळकसाहेब, मी कुठं नको म्हणतोय — फक्त आधी टाकीत एकदा डोकावून बघा. भांडी घासायचा साबण आहे तो. म्हणजे असायला हवा. काल दुपारपर्यंत मधासारखा होता, आज पाणी. बघा, पळीवरून कसा पळतोय. उद्या आपियाच्या हॉटेलांना जायचाय हा. — बसतो, बसतो, वडीलधाऱ्यांसमोर उभ्यानं बोलू नये, माहितीय. शिकायला ड्युनेडिनला जाऊन एवढंही विसरलो नाही, काका गावभर काहीही सांगत फिरू देत. तर टाकी कुणी बिघडवली? सैतानानं? छे. आमच्या तुईलोमाकाकांनी. कुळाचे प्रमुख, चर्चचे डीकन, अन् मिठाच्या बाबतीत शुद्ध गाढव — हसू नका, आत कमरेची लावालावा बदलतायत, ऐकू जाईल.

मीठ घातलं की साबण दाटतो, एवढंच त्यांना ठाऊक. का दाटतो? विचारलं कधी? साबणाच्या प्रत्येक रेणूला एक डोकं असतं पाण्यात रमणारं, अन् एक शेपूट, पाण्याचा तिटकारा असलेलं. मग ते काय करतात — घोळका करतात, शेपट्या आत, डोकी बाहेर. डोकी एकमेकांना रेटतात म्हणून घोळके लहान राहतात. मीठ पडलं की रेटारेटी थंडावते, सगळे अंगाला अंग लावून बसतात, घोळक्यांची लांबच लांब गांडुळं होतात, गांडुळांचा गुंता होतो — झाला घट्ट साबण. आमचं घरच की! पण आणखी मीठ टाका, गांडुळं जागोजाग एकमेकांना चिकटतात, गुंत्याची पकडच जाते, अन् सगळं पाणी. मी म्हटलं, काका, बास. तर म्हणाले, "मलाकी, अर्धवट शिकलेल्यानं तोंड उघडू नये." अन् ओतला आणखी एक डबा. अर्धवट सोडायला लावलं कुणी? आजोबांच्या मयताला बोलावलं, अन् मग — राहा थोडे दिवस, राहा अजून थोडे दिवस. पडलेलं मीठ बाहेर काढता येत नाही, पाळकसाहेब.

दुरुस्त? होतो की. सोपं आहे. वरच्या टाकीत बिनमिठाचा माल पडलाय, तो हळूहळू खाली सोडायचा, ढवळणं चालूच आहे, मीठ विरळ होतं, गुंता परत धरतो. — मग गप्प का बसलोय? अहो, मी दुरुस्त केला तर काका म्हणतील, पोरगा कामाचा निघाला, आता कुठं पाठवायचा नाही. नाही केला तर म्हणतील, घरावर संकट आलं अन् हा पळतोय. शुक्रवारचं विमान आहे. ताईनं तिकीट काढलंय, कॉलेजनं परत घेतलंय, घरात अजून कुणाला — तुम्हाला कशाला सांगितलं मी हे?

बरं, ऐकलंच आहे तर पुढचंही ऐका. तुमची प्रार्थना लांबते. आजोबांच्या वेळी तुमचं आमेन होईपर्यंत उमूच्या भट्टीत तापल्या दगडांवर डुक्कर करपलं होतं, सगळं गाव साक्षीला आहे. तेवढीच लांबवा. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतील, मी मागं उभा राहून वरचा नळ सोडतो. तुमचं आमेन होईल, काका पळी बुडवतील — मध! देवानं केलं. तुम्ही केलं. मी नाही केलं. मग मला अडवायला कारणच उरत नाही. तुम्हाला खोटं कुठं बोलायचंय? नुसते डोळे मिटायचेत. — असं बघू नका माझ्याकडं. हो की नाही, काहीतरी —

या, काका. या, आत्या. काही नाही, पाळकसाहेब टाकी बघत होते. हो, मी मागंच उभा राहतो, नळापाशी जरा जागा आहे. ही बघा, मान खाली.

करा ना सुरू, पाळकसाहेब. सगळ्यांनी मिटलेत डोळे.

माझ्याकडं काय बघताय, तुम्हीपण मिटा.

पाळकसाहेब —