नानांचं प्रेशर जळगावातच का वाढायचं

तुम्ही हसाल, पण आमच्या वडिलांचं, म्हणजे नानांचं, ब्लडप्रेशर फक्त जळगावातच वाढायचं. दर महिन्याला मी त्यांना भडगावहून एसटीने डॉक्टरांकडे न्यायचो आणि दर वेळी डॉक्टर लघवीच्या गोळीचा डोस वाढवायचे. इकडे घरी नाना खाटेवरून उठले की त्यांना गरगरायचं.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर वैतागले. "अहो नाना, या गोळीने किडनी अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकते. मिठामागोमाग पाणी जातं आणि नसांवरचा ताण उतरतो. तुमचाच कसा उतरत नाही? गोळी घेता ना?"

"घरी रोज घेतो. इकडे यायचं असलं की दोन दिवस आधीपासून बंद." मग नाना सरळ अहिराणीवरच आले, "गोळी चांगली शे साहेब, पन बस थांबत नही!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि डोस पहिल्यावर आणला.

नानांना जोर चढला. "त्यापेक्षा तुम्हीच भडगावला या ना. तिथं प्रेशर एकदम बरोबर सापडेल."

"आलो असतो हो," डॉक्टर हळूच म्हणाले, "पण मीही तीच गोळी घेतो."